मिठाची गाठ

आक्काबाईंनी तिसरा डबा मांडीत धरून डाव्या हातानं झाकण उचकटलं, नाक आत घातलं आणि डबा तसाच ओट्यावर आदळला. बेसन. हवी होती तूरडाळ. पहिल्यात मुगाचं पीठ निघालं होतं, दुसऱ्यात शेवया.

उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. ज्वारीच्या पापडांची, बिबड्यांची पाटी घेऊन गच्चीच्या जिन्यावरून घसरल्या, त्याला आज बारा दिवस. तेवढ्या दिवसांत सुनेनं, समीक्षानं, अख्खी मांडणी पालटून टाकली होती. डालड्याचा चेपका डबा गेला, पितळी गेला, बिस्किटांचा चौकोनी गेला. आता चोवीस डबे, सगळे स्टीलचे, सगळे एका मापाचे, आणि प्रत्येकाच्या पोटावर कागद. कागदावर निळी अक्षरं.

आक्काबाईंना अक्षर वाचता येत नाही. हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणालाच आठवलं नव्हतं.

त्यांचं वाचणं बोटांचं होतं. शिंदखेड्याला सासूच्या हाताखाली शिकलेलं. प्रत्येक डब्याला जुन्या लुगड्याची चिंधी बांधायची. तुरीच्या चिंधीला एक गाठ, मुगाला दोन, उडदाला तीन. आणि कळण्याच्या पिठाला जी चिंधी, तिच्या गाठीत मिठाचा खडा. ज्वारी-उडदाच्या त्या पिठात दळायच्या वेळीच मीठ पडतं. म्हणून लाइट गेली, डोळ्यांत धूर गेला, तरी हाताला कळावं: बाई, यात वरून मीठ टाकू नको.

त्या तेलकट चिंध्या समीक्षानं कचऱ्यात टाकल्या. आक्काबाईंनी कुणाला न सांगता उचलल्या आणि उशीच्या अभ्र्यात भरून ठेवल्या. बोलल्या काहीच नाहीत. या घरात बायकांना बोलायचं तेवढंच शिकवलेलं नव्हतं, बाकी सगळं यायचं.

बाहेर रिक्षा थांबली. मुलगी आली, मृणाली, धुळ्याहून. म्हणजे आता पंचायत बसणार.

*

हॉलमध्ये कूलर ओरडत होता. त्याच्या वर आवाज चढवून आबा बोलत होते. गुलाब आबा एसटीत वाहतूक नियंत्रक होते, तेहतीस वर्षं. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, तरी बोलताना डावा हात हवेत असा धरायचे, जणू त्यात वेळापत्रकाचा पुठ्ठा आहे.

"सकाळी सहाची धुळे धरली तर सव्वाआठ. पारोळ्याला थांबतेच ती. संध्याकाळी परतीची सहाची धरली तर पुन्हा सव्वाआठ. स्टँडवरून घर, हातपाय धुणं, नऊ. तवा कधी चढणार? आणि माझी शुगरची गोळी साडेसातला असते. गोळी घेतली की अर्ध्या तासात पोटात अन्न पाहिजे, नाहीतर घाम सुटतो मला. आता सांगा, यात कुठं बसतंय?"

"ते मी धरलंय, आबा," समीक्षा म्हणाली.

ती खुर्चीवर नाही, दिवाणाच्या कडेला बसली होती, मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत ऑर्डर. प्रयोगशाळा तंत्रज्ञ, कायम. नऊ वर्षं ती इथंच जळगावात कंत्राटावर रक्त तपासत होती, अकरा महिने काम, मग एक दिवस घरी, मग पुन्हा अर्ज. आता धुळ्याला कायमची जागा निघाली होती आणि उद्या सोमवार शेवटचा दिवस. उद्या हजर झाली नाही तर यादीतला पुढचा माणूस त्या जागेवर.

"वहिनी, एक विचारू?" मृणालीनं पाण्याचा ग्लास खाली ठेवला. "आईचा हात मोडलाय. अजून महिनाभर प्लास्टर. आणि तुम्ही याच महिन्यात निघालात. धुळं काय पळून जातंय का?"

"ऑर्डर पळून जातेय, ताई. धुळं नाही."

"मलाही शाळेत लागली होती नोकरी. सोडली. मेले नाही मी."

आठ वर्षांपूर्वी याच हॉलमध्ये आबांनी याच आवाजात, याच डाव्या हातानं, मृणालीचं वेळापत्रक मांडलं होतं. सासरची माणसं समोर बसली होती. मृणाली तेव्हा रडलीसुद्धा नव्हती. ती आज आली होती ती आबांनी बोलावलं म्हणून, आणि आबांनी बोलावलं ते ती कुठल्या बाजूनं बोलेल हे त्यांना ठाऊक होतं म्हणून.

भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याला ताजा हार. दर एप्रिलमध्ये आबा जयंतीच्या स्टेजवर मुलींच्या शिक्षणावर वीस मिनिटं बोलायचे. टाळ्या पडायच्या. घरी यायचे तर ताट वाढलेलं असायचं. त्या टाळ्यांचा आणि त्या ताटाचा एकमेकांशी काही संबंध असेल, हे त्यांच्या मनात एकदाही आलं नाही.

"मी काय केलंय ते सांगते," समीक्षा म्हणाली. "पंधरा दिवसांचं भरून ठेवलंय मांडणीत. नुसतं भरलेलं नाही, अर्धं शिजवलेलं समजा. कांदा-खोबरं भाजून, वाळवून पूड केलीय, रस्सा घातला की झाला. बेसनात तिखट-मीठ-जिरं कालवून ठेवलंय, पाणी घातलं की रश्शात सोडायच्या डुबुकवड्या. सुकट निवडून भाजून ठेवलीय. शेव आहे, शेंगदाण्याची चटणी आहे. खिचडीचे डाळ-तांदूळ एकत्र मोजून पुड्या केल्यात, शिटी लावायची, बिबडे तळायचे. एकही जेवण पंचवीस मिनिटांवर जात नाही. मी घड्याळ लावून पाहिलंय."

"आणि हात?" आबा म्हणाले. "डब्यांना हात फुटणार का?"

"यांचे हात. साडेपाचला सुटतात, सहाला घरी असतात."

सगळ्यांनी युवराजकडे पाहिलं. युवराज पाइपच्या कारखान्यात मशीनवर होता. चार दिवसांपूर्वी खोलीचं दार लावून तो बायकोला म्हणाला होता, करतो मी, त्यात काय. आणि खरंच तीनदा त्यानं ज्वारीच्या भाकरी थापून पाहिल्या होत्या, आबा फिरायला गेले असताना. आता आबा समोर होते. त्यानं मोबाइल उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"हो," तो म्हणाला. "म्हणजे, बघू."

समीक्षाला त्या 'बघू'चा इतका राग आला की तिच्या कानशिलातून वाफ निघाली असती. खोलीत वाघ आणि हॉलमध्ये बघू.

आबा हसले. "हा? याला पाणी उकळलंय की नाही हे बोट घातल्यावर कळतं."

"मग होऊनच जाऊ द्या की," मृणाली म्हणाली. "आजच. दादानं समजावं आज सोमवार आहे."

ती टोमणा मारायला बोलली होती. आबांनी तो उचलला.

"चालेल. पण माझी अट आहे. समीक्षा, तू ओट्याजवळ जायचं नाही. इथून सांगायचंही नाही. डब्यावर लिहिलंय ना सगळं? मग डबाच बोलू दे. जमलं, तर उद्या स्टँडवर सोडायला मी येतो. नाही जमलं, तर तू ती पिशवी कपाटात ठेवायची आणि पुन्हा विषय काढायचा नाही. तुझा शब्द?"

नऊ वर्षांच्या नोकरीचा निकाल भाकरीवर का लावायचा, हे समीक्षाच्या ओठांपर्यंत आलं होतं. पण ती या घरात राहत होती. इथं परीक्षा कसली घ्यायची हे परीक्षा देणारा ठरवत नाही.

"शब्द," ती म्हणाली. तिचा भरवसा डब्यांवर होता. माणसांवर तिनं फार ओझं टाकलं नव्हतं.

"आणि युवराजची आई, तू आत ओट्याशी बस, लक्ष ठेव. कुणी चोरून सांगायला नको."

*

युवराजनं कागद वाचला. *कळण्याचं पीठ. तीन वाट्या. गरम पाणी. चांगलं मळणे.* अक्षर समीक्षाचं, सरळ, रक्ताच्या बाटल्यांवर लिहावं तसं.

त्यानं पाणी तापत ठेवलं, परात घेतली, पीठ मोजलं. कपाळाचा घाम बाहीनं पुसला. ज्वारीच्या वेळी कसं केलं होतं? पीठ, मीठ, पाणी. त्याचा हात मिठाच्या बरणीकडे गेला.

भिंतीशी स्टुलावर बसलेल्या आक्काबाईंनी तो हात पाहिला.

एक शब्द पुरे होता. 'नको.' एवढाच. तो शब्द जिभेच्या टोकाशी आला आणि तिथंच थांबला. त्यांनी चोवीस सारख्या डब्यांकडे पाहिलं. उद्या ही गेली की हे डबे असेच राहतील. पोरगा कागद वाचेल आणि शिजवेल. आई, हळद कुठं आहे? आई, डाळ किती घेऊ? असं कुणी विचारणार नाही. बारा दिवस झाले, कुणी विचारलेलं नाही. ही घरी राहिली, तर जुने डबे तरी मागता येतील.

युवराजनं चमचा भरून मीठ टाकलं. त्याचं लक्ष हॉलमधल्या बापाच्या आवाजाकडे होतं, अर्धा चमचा आणखी पडला.

दाराशी उभ्या मृणालीनंही ते पाहिलं. लहानपणी ती गाठ तिनं शंभरदा चाचपली होती, जीभ लावून खारट आहे का ते पाहिलं होतं. तिनं आईकडे पाहिलं. आईनं नजर खिडकीकडे वळवली. मग मृणालीही चौकटीला टेकून गप्प उभी राहिली. तिच्या मनात काय होतं ते सुंदर नव्हतं. मी सोडली, हिनंही सोडावी. एवढंच होतं.

पहिली भाकरी अर्धी तव्यावर गेली, अर्धी परातीत राहिली. दुसरी जळली. तिसरी युवराजनं हळूच, बाळाला पाळण्यात ठेवावं तशी तव्यावर सोडली, कडेनं पाणी फिरवलं, उलटवली, विस्तवावर धरली आणि ती फुगली. टम्म फुगली. तो एकटाच हसला. मग सहा झाल्या. चटणी काढली, कांदा फोडला, मिरच्या तळल्या. तेवीस मिनिटं.

"आबा, या," तो ओरडला, आणि त्याच्या आवाजात पहिल्यांदाच 'बघू' नव्हता.

*

ताटं हॉलमध्ये मांडली, आक्काबाईही तिथं भिंतीशी येऊन बसल्या. आबांनी गोळी घेतली, पाणी प्यायले, भाकरी मोडली. घास तोंडात गेला. चावणं थांबलं. त्यांनी तो घास बोटांनी काढून ताटाच्या कडेला ठेवला.

"मिठागर उघडलंय का रे?"

युवराजनं खाल्लं. त्याचा चेहरा पडला. समीक्षानं एक तुकडा जिभेवर ठेवला आणि तिला त्याच क्षणी सगळं कळलं.

"कळण्यात मीठ असतंच," ती हळू म्हणाली. "मी लिहिलं नाही. बाकी सगळं लिहिलं, हेच नाही."

जे बाईच्या हातांना माहीत असतं, ते तिला लिहावंसं वाटत नाही. लिहावं लागेल, हेच तिच्या लक्षात येत नाही.

"आबा, भाकरी झाल्या की नाही?" युवराज म्हणाला. "मीठ जास्त पडलं, उद्या नाही पडणार..."

"उद्याचं उद्या. शब्द आजचा होता." आबांनी ताट पुढं सरकवलं. आवाज चढलेला नव्हता. जिंकलेल्या माणसाला चढवायची गरज नसते. "ती पिशवी कपाटात ठेव, समीक्षा. आणि आता माझं काय? गोळी पोटात गेलीय. युवराजची आई, ऊठ. डावा हात धड आहे ना? पिठलं टाक. पिठलं एका हातानं होतं."

समीक्षा उठली. "मी टाकते."

"तू बस. ओट्याजवळ जायचं नाही म्हणून शब्द दिलाय. आज तरी पाळ."

आक्काबाई उठल्या. चाळीस वर्षांची सवय, ऊठ म्हटलं की गुडघे आपोआप सरळ व्हायचे. उठताना प्लास्टर भिंतीच्या कोपऱ्याला लागलं आणि त्यांच्या तोंडून असा आवाज निघाला की युवराजच्या हातातलं भांडं खाली पडलं.

"आई, बस खाली!" मृणाली ओरडली. मग बापाकडे वळली. "आबा, निकाल खोटा आहे. दादा मीठ टाकत होता तेव्हा आई बघत होती. तिला माहीत होतं. मलाही माहीत होतं. आम्ही दोघी गप्प बसलो."

युवराजनं पडलेलं भांडं उचलून बाजूला ठेवलं.

"का गं?" युवराजनं विचारलं.

"मला वाटलं, मी घरी बसले ना, मग हिनंही बसावं. ऐकायचं होतं ना? ऐक. आणि आता आईला मोडक्या हातानं पिठलं टाकायला सांगतायत, हे बघितल्यावर माझीच मला शरम वाटली. आठ वर्षांपूर्वी मी घरी बसले, त्यानं काय झालं? कुणाचा हात वाचला?"

समीक्षा सासूसमोर येऊन बसली. "आई, तुम्ही का?"

आक्काबाईंनी प्लास्टरचा हात मांडीवर घेतला. मग बोलल्या, आणि बोलायला लागल्या ते शिंदखेड्याच्या बोलीत, कारण खरं बोलायला त्यांच्याकडे दुसरी भाषा नव्हती.

"काब्र इचारस? तू मन्ह्या गाठी कचरामा टाकी दिन्यात. बठ्ठा डबा एकसारखा करात. कागद चिकाडात. माले वाचता येस का? आज तीन डबा उघाडात, तूरनी दाय सापडनी नही. मन्ह्याच घरमा!"

समीक्षा शिकलेली, पेपर वाचणारी, सहीऐवजी अंगठा उठवणाऱ्या बापाची लाज वाटून शाळेत पहिला नंबर काढणारी. आणि तिनंच घरातल्या एका बाईला पुन्हा अडाणी करून ठेवलं होतं, निळ्या शाईनं.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "मला त्या घाण चिंध्या वाटल्या."

"घान व्हत्यात. पन मन्ह्या व्हत्यात."

आक्काबाई आतल्या खोलीत गेल्या. अभ्रा घेऊन आल्या आणि ताटांच्या मधोमध उलटा केला. चिंध्याच चिंध्या पडल्या, हिरव्या काठाच्या, जांभळ्या काठाच्या. त्यांनी डाव्या हातानं चाचपून एक उचलली. गाठ घट्ट होती. आत खडा.

मग त्या नवऱ्याकडे वळल्या.

"उठा."

"कोण?"

"तुम्ही."

"युवराजची आई, डोकं ठिकाणावर आहे का?"

"शे ना. आजच उनं ठिकानवर. मन्हा हात मोडेल शे. सूनना हात तुम्हीच शब्द लिसन बांधात. पोर पाव्हनी शे. पोर्‍यानं सहा भाकरी करी दखाड्यात. आते कोन्हा हात र्‍हायनात घरमा, सांगा? तेहतीस वरीस गावले गाडीस्ना टाइम सांगात. सोताना पोटना टाइम तुमले सांभायता येत नही?"

आबांनी मुलाकडे पाहिलं. नेहमी पुरेसं व्हायचं ते बघणं. युवराज उठला. आता तो बाहेर निघून जाईल असं समीक्षाला वाटलं, कारण आजवर तो तेच करत आला होता. तो स्वयंपाकघरात गेला आणि परात घेऊन आला. तीन वाट्या कळणा, मधे खळगा. शेजारी पातेलं आणि कळण्याचा डबा.

"पाणी गरम आहे, आबा," तो म्हणाला, आणि परात बापासमोर ठेवली.

आबांनी मृणालीकडे पाहिलं. मृणाली खारट भाकरी गोळा करत होती. तिनं मान वर केली नाही.

घड्याळात पावणेआठ. आबांच्या वरच्या ओठावर घाम आला होता, रागाचा की गोळीचा हे त्यांनाही सांगता आलं नसतं. मृणालीनं गुळाचा खडा त्यांच्या ताटात ठेवला. त्यांनी तो तोंडात टाकला. मग बाह्या सरकवल्या, परातीपुढं मांडी घातली आणि सदुसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा पिठात हात घातला. पाणी जास्त पडलं. पीठ बोटांना चिकटलं, ते बोटं एकमेकांवर घासत राहिले, जास्तच चिकटलं. कुणी हसलं नाही. हसण्यासारखं खूप होतं.

त्यांचा हात ताटांजवळच्या मिठाच्या बरणीकडे गेला. या वेळी आक्काबाईंनी एक क्षणही घालवला नाही.

"मीठ नका टाका. शे त्यामा."

समीक्षानं कळण्याचा डबा ओढून घेतला. ओट्याजवळ न जाता, जिथं बसली होती तिथंच. निळ्या अक्षरांच्या कागदाखालून चिंधी फिरवली, खड्याची गाठ पुढं आणली आणि बांधली. आक्काबाईंनी बोटानं चाचपून पाहिलं. मृणाली आतून एकेक डबा आणून देऊ लागली. आक्काबाईंनी तुरीची चिंधी पुढं केली, एका गाठीची. मग मुगाची.

पाचव्या डब्याला समीक्षा न बघता म्हणाली, "आबा, सहाच्या धुळे गाडीला फलाट कुठला?"

आबा मळत राहिले. परातीत गोळा जमत होता, तुटत होता, पुन्हा जमत होता.

"तीन," ते म्हणाले. "पावणेसहाला लागते."